सायकल मार्ग मोकळा राखणे हेही पोलिसांचेच काम: शहर पोलीस आणि रहिवाशांना खुले पत्र

प्रति,
शहर पोलीस दलाचे प्रमुख, वाहतूक शाखेचे अधिकारी
आणि या शहराचे सर्व रहिवासी

सन्माननीय अधिकारी आणि रहिवासी बंधुभगिनींनो,

मुख्य रस्त्यालगतच्या सायकल मार्गाचे संरक्षक खांब काढून तेथे रोज संध्याकाळपासून सकाळपर्यंत मोटारी उभ्या करू देण्याचा निर्णय वाहतूक शाखेने नुकताच जाहीर केला. सूचनेत त्याची दोन कारणे दिली आहेत: मार्गाचा वापर फारसा होत नाही, आणि लगतच्या इमारतींतील रहिवाशांनी पार्किंगसाठी जागा मागितली होती. मी याच मार्गाने सायकलवर कामाला जाते. माझा तेरा वर्षांचा मुलगा याच मार्गाने शाळेत जातो आणि खेळाचा सराव आटोपून अंधार पडता पडता घरी येतो. नेमक्या त्याच वेळी हा मार्ग यापुढे मोटारींनी भरलेला असणार आहे. हा निर्णय मला मुकाट्याने स्वीकारता येत नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. ते जितके पोलिसांना आहे तितकेच रहिवाशांनाही आहे, कारण निर्णयावर सही पोलिसांची असली तरी त्यामागचा अर्ज आपल्यापैकीच काहींचा आहे.

शहर सायकलस्नेही करायचे म्हटले की चर्चा बहुधा मार्गांच्या लांबीची आणि खर्चाची होते. मार्ग आखणे आणि बांधणे हे नगर प्रशासनाच्या अभियंत्यांचे काम आहे, यात वाद नाही. पण बांधलेला मार्ग संध्याकाळी सात वाजता वापरता येतो की नाही, हे अभियंत्याच्या हाती नसते. गस्तीवरचा पोलीस तिथे उभ्या असलेल्या गाडीकडे पाहून काय करतो आणि त्या रस्त्यावर राहणारा माणूस आपली गाडी कुठे लावतो, यावर ते ठरते. सायकल मार्ग हाही वाहतुकीचा रस्ताच आहे. इतर रस्ते ज्या काटेकोरपणे मोकळे ठेवले जातात त्याच काटेकोरपणे तो मोकळा ठेवावा, एवढेच माझे म्हणणे आहे. पुढचे सगळे मुद्दे त्यातूनच निघतात.

आधी 'वापर फारसा होत नाही' या कारणाविषयी. सायकल मार्ग रिकामा दिसतो, याचे एक कारण अगदी साधे आहे: सायकली खोळंबत नाहीत. सिग्नल सुटला की वीस सायकलस्वार काही सेकंदांत निघून जातात आणि मागे मोकळी जागा उरते. वीस मोटारी मात्र चौकापासून मागच्या वळणापर्यंत रांग लावून उभ्या राहतात आणि रस्ता भरलेला दिसतो. दुसरे कारण याहून गंभीर आहे. सायकलने निघावे की नाही, हे माणूस मार्गातल्या चांगल्या चार किलोमीटरांवरून ठरवत नाही, त्यातल्या सर्वांत वाईट पन्नास मीटरांवरून ठरवतो. त्या पन्नास मीटरांत मालवाहू टेम्पो उभा असेल, तर रहदारीत घुसून वाट काढण्याची हिंमत असलेले तेवढे उरतात; मुले, वयस्कर माणसे, मागच्या सीटवर मूल बसवून जाणारे आईबाप त्या वाटेला जातच नाहीत. मग मोजणी केली की आकडा कमी येतो आणि त्या कमी आकड्याचा आधार घेऊन उरलासुरला मार्गही काढून घेतला जातो. अडथळे न हटवता केलेल्या मोजणीतून मार्गाची गरज कळत नाही, अडथळ्यांनी किती माणसे घरी बसवली एवढेच कळते.

मार्गावर उभ्या असलेल्या एका गाडीमुळे नेमके काय होते, हे ज्यांनी कित्येक वर्षांत सायकल हाती धरलेली नाही त्यांच्यासाठी थोडे तपशिलाने सांगते. ताशी १५ किलोमीटर या सामान्य वेगाने जाणारी सायकल सेकंदाला चार मीटरांहून अधिक अंतर कापते. पुढे गाडी दिसली की मान वळवून मागची रहदारी पाहावी लागते, आणि मान वळली की हँडलही नकळत त्या बाजूला झुकते. मागून वेगाने येणाऱ्या वाहनांत फट शोधायची, मार्गाच्या कडेचा उंचवटा तिरका ओलांडायचा, चाक त्यात अडकणार नाही याची काळजी घ्यायची आणि मुख्य रस्त्यावर यायचे. एवढे करूनही उभ्या गाडीच्या अगदी जवळून जाता येत नाही, कारण आत कोणी बसले असेल तर दार केव्हाही उघडेल. उघडलेले दार साधारण मीटरभर जागा अडवते. दाराची कड हँडलच्या टोकाला लागली की पुढचे चाक दाराकडे वळते आणि सायकलस्वार विरुद्ध बाजूला, म्हणजे धावत्या रहदारीत, फेकला जातो. आता एका गाडीऐवजी मार्गभर रांग उभी राहणार आहे. हे सगळे मी प्रौढ माणसाच्या उंचीचा आणि अनुभवाचा हिशेब धरून लिहिले आहे. मुलाची मान तर उभ्या मोटारीच्या टपाच्या वरही येत नाही, त्यामुळे तो चालकांना दिसण्याआधीच रस्त्यावर आलेला असतो.

या मार्गावर अडथळा करणारे केवळ खासगी वाहनचालक नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. वाहतूक वळवायची असेल तर 'पुढे रस्ता बंद' हा फलक सायकल मार्गाच्या मधोमध उभा केला जातो. बंदोबस्त संपल्यावर बॅरिकेड आठवडाभर तिथेच एकावर एक रचून ठेवलेले असतात. गस्तीची वाहनेही अनेकदा याच मार्गावर थांबतात. तातडीच्या प्रसंगी पोलिसांची गाडी कुठेही थांबावी, त्याला कोणाचीच हरकत नसेल. परंतु रोजच्या थांब्यासाठी हीच जागा वापरली गेली, तर ती मोकळी ठेवायची असते यावर इतरांनी विश्वास का ठेवावा?

माझी दुसरी तक्रार वेगाविषयी आणि खेटून जाणाऱ्या वाहनांविषयी आहे. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताशी ३० ऐवजी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीत पावणेतीन पटींहून अधिक ऊर्जा असते. चालकाला भान येऊन ब्रेकवर पाय ठेवायला एक सेकंद लागतो असे धरले, तर कोरड्या रस्त्यावर ३० च्या वेगाची गाडी साधारण १३ ते १४ मीटरांत पूर्ण थांबते; ५० च्या वेगाची गाडी तेवढ्या अंतरात जेमतेम ब्रेक लावायला सुरुवात करते. चौदा मीटरांवर एखादे मूल सायकल घेऊन रस्त्यात आले, तर पहिली गाडी त्याच्याआधी थांबेल आणि दुसरी पूर्ण वेगाने त्याला धडकेल. ऑस्ट्रियातील ग्रात्स शहराने १९९२ मध्येच प्रमुख रस्ते वगळता सर्वत्र ३० ची मर्यादा आणली. स्पेनने २०२१ मध्ये शहरांतल्या, दोन्ही दिशांना एकेकच मार्गिका असलेल्या रस्त्यांसाठी हीच मर्यादा देशभर लागू केली. ऑस्लोमध्ये २०१९ या संपूर्ण वर्षात एकही पादचारी किंवा सायकलस्वार रस्त्यावर मृत्युमुखी पडला नाही. वेगमर्यादा कमी करणे आणि शहराच्या मध्यभागातील पार्किंगच्या जागा काढणे हे त्या शहराने आधीची काही वर्षे नेटाने राबवलेल्या उपायांपैकी होते. आपण नेमके उलट करत आहोत.

खेटून ओव्हरटेक करण्याबाबत आपल्या पोलिसांकडून मला नेहमी एकच उत्तर मिळते: धडक झालेली नसताना कारवाई कशी करणार? ती करता येते. जर्मनीत २०२० पासून वस्तीत सायकलस्वाराला ओलांडताना किमान दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर अंतर ठेवणे नियमानेच बंधनकारक आहे. इंग्लंडमधील वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी २०१६ मध्ये सुरू केलेली मोहीम तर अगदी कमी खर्चाची होती. साध्या वेशातला पोलीस सायकल चालवत जाई, त्याला खेटून जाणाऱ्या चालकाला पुढे थांबलेले सहकारी बाजूला घेत आणि जमिनीवर अंथरलेल्या मोठ्या चटईवर सायकलस्वारापासून किती अंतर ठेवायचे ते प्रत्यक्ष दाखवत; धोकादायक प्रकारात खटलाही भरला जाई. या पद्धतीचा मला विशेष वाटणारा गुण असा की पोलीस स्वतः सायकलवर बसतो. जे हँडल धरल्यावर कळते, ते चौकातल्या छत्रीखाली उभे राहून कळत नाही. अमेरिकेतील सिअ‍ॅटल पोलिसांनी १९८७ मध्ये सायकल गस्त सुरू केली, ती शहराच्या गर्दीच्या मध्यभागात मोटारीपेक्षा सायकलवरचा पोलीस लवकर पोहोचतो म्हणून. म्हणजे आपल्या दलाला ही कल्पना उपकार म्हणून स्वीकारायची नाही. तिचा फायदा दलालाही आहे.

तिसरी तक्रार नोंदींची. सायकलस्वार पडला आणि हाड मोडले नाही, तर बहुतेक वेळा नोंदच होत नाही. झाली तर 'तोल जाऊन पडला' एवढ्यावर पंचनामा संपतो. तोल का गेला? दार उघडले होते का, मार्गावर वाहन उभे होते का, रस्त्याच्या जाळीत चाक अडकले का, वळणाऱ्या ट्रकने कोंडी केली का, हे रकानेच नमुन्यात नसतात. सायकलींचे अपघात पोलिसांच्या नोंदींत प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतात, हा अनेक देशांचा अनुभव आहे; रुग्णालयांत आलेल्या जखमींच्या नोंदी शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. नोंद नाही म्हणून धोका नाही, आणि धोका नाही म्हणून खांबांची गरज नाही, अशा तर्काने आजचा निर्णय झाला असावा, अशी मला भीती वाटते.

सायकल चोरीविषयी थोडक्यात लिहिते, कारण उपाय सोपा आहे. चोरीची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला 'सायकलच तर होती' असे ऐकवून परत पाठवू नये. ज्याची ती रोजची प्रवासाची सोय असते, त्याची सायकल गेली की कामावर पोहोचण्याचा मार्ग जातो, आणि असे अनेकजण पुन्हा सायकल घेतच नाहीत. सायकल उलटी करून पाहिली तर बहुतेक सायकलींच्या पायडलच्या आसाखाली धातूवर ठोकलेला क्रमांक सापडतो. जपानमध्ये सायकल विकत घेतल्यावर तिची नोंदणी करणे १९९४ पासून कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे बेवारस सापडलेली सायकल मालकाकडे परत जाऊ शकते. आपल्याकडे निदान ऐच्छिक नोंदवही तरी प्रत्येक पोलीस ठाण्यात असावी. आज सापडलेल्या सायकली ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या दिसतात आणि त्या कोणाच्या हे शोधण्याचे साधनच नसते.

सायकलस्वारांनीही नियम पाळले पाहिजेत, आणि तशी अपेक्षा करण्याचा पोलिसांना पूर्ण अधिकार आहे. रात्री पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा नसलेली सायकल, उलट दिशेने येणारी सायकल, पदपथावरून वेगाने जाऊन वृद्धांना घाबरवणारी सायकल, यांना थांबवले पाहिजे. माझ्या मुलाने असे केले तर त्यालाही थांबवा. मात्र दिवा नसलेल्याला दंडाच्या पावतीबरोबर एक दिवा बसवून दिला, तर तो त्या रात्री सुखरूप घरी जाईल. आणि एखाद्या ठिकाणी रोज शेकडो सायकली उलट दिशेने येत असतील, तर तिथे रस्ता ओलांडायची सोय किती लांब आहे, हेही वाहतूक शाखेने पाहावे.

आता रहिवाशांशी बोलते. पार्किंगची अडचण खरी आहे, हे मला ठाऊक आहे. मीही याच भागात राहते. संध्याकाळी दमून घरी आल्यावर गाडी लावायला जागा शोधत फिरणे त्रासाचे असते. तरीही घरासमोरचा सार्वजनिक रस्ता आपल्या मालकीचा होत नाही. एका मोटारीच्या जागेत सुमारे दहा सायकली राहतात; ज्या घरांतली मुले आणि तरुण सायकलने जाऊ लागतील, त्या घरांना दुसऱ्या गाडीची गरज कमी भासेल आणि जागेची ओढाताणही कमी होईल. शिवाय काही गोष्टी कोणत्याही आदेशाशिवाय उद्यापासून करता येतील. गाडीचे दार त्याच्यापासून दूरच्या हाताने उघडावे: मग खांदा आपोआप वळतो आणि मागून येणारी सायकल दिसते. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत २०२२ पासून ही पद्धत समाविष्ट आहे. कचऱ्याचे डबे, बांधकामाची वाळू, झाडांच्या छाटलेल्या फांद्या मार्गावर टाकू नयेत. गल्लीत परस्पर घातलेले उंच गतिरोधक काढावेत, आणि जे रीतसर आहेत त्यांच्या कडेला सायकलचे चाक जाईल एवढी फट ठेवण्याची मागणी आपण मिळून करावी. सामान घेऊन येणाऱ्या वाहनाला इमारतीच्या आवारात थांबू द्यावे. त्याला आत घ्यायचे नाही आणि बाहेर सायकल मार्गावर उभे करायचे, ही आपल्या इमारतींची रीत आता बदलली पाहिजे.

नेदरलँड्सचे उदाहरण दिले की 'तिथे पहिल्यापासूनच सायकली आहेत' असे म्हटले जाते. हे पूर्ण सत्य नाही. तिथेही विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोटारी वाढल्या आणि सायकली मागे पडल्या. १९७१ मध्ये त्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मरण पावली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर 'मुलांची हत्या थांबवा' अशा नावाची चळवळ उभी राहिली; पालकांनी आणि मुलांनी रस्ते अडवले, गल्ल्या खेळण्यासाठी बंद केल्या, आणि प्रशासनाला धोरण बदलावे लागले. तिथले रस्ते आज जसे दिसतात, ते सामान्य रहिवाशांनी हट्टाने मागितले म्हणून. बार्सिलोनात २०२१ पासून पालक आणि मुले ठरलेल्या वारी एकत्र सायकलने शाळेत जातात, वाटेत घराघरांतून मुले सामील होतात आणि शहराचे पोलीस त्यांच्यासोबत चालतात. बोगोटामध्ये १९७४ साली सुरू झालेल्या उपक्रमात रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी शंभराहून अधिक किलोमीटरचे रस्ते सकाळपासून दुपारपर्यंत मोटारींना बंद असतात. पोलीस आणि रहिवासी एका बाजूला उभे राहिले की काय शक्य होते, ते या दोन शहरांत दिसते. आपल्याकडे मात्र ते दोघे एकत्र आले ते मार्ग बंद करण्यासाठी.

म्हणून माझ्या आणि माझ्यासारख्या अनेकांच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

सायकल मार्गावर पार्किंगची परवानगी देणारा निर्णय मागे घ्यावा आणि काढलेले खांब पुन्हा बसवावेत. मार्गाच्या वापराची मोजणी करायची असल्यास ती सलग काही महिने मार्ग पूर्ण मोकळा ठेवून करावी आणि तिची पद्धत आधी जाहीर करावी.

मार्गावर उभ्या वाहनांवर रोज, आणि विशेषतः संध्याकाळी, कारवाई व्हावी. मोहिमेचे चार दिवस आणि नंतर वर्षभर दुर्लक्ष असे होऊ नये. पोलिसांची वाहने, फलक आणि बॅरिकेड यांनाही हाच नियम लागू असल्याचा लेखी आदेश काढावा.

वस्तीतल्या आणि शाळांच्या रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा लावण्याचा प्रस्ताव पोलिसांनी नगर प्रशासनाकडे स्वतःहून पाठवावा आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी फाटकासमोरचा रस्ता मोटारींना बंद ठेवावा.

प्रत्येक पोलीस ठाण्यात काही कर्मचाऱ्यांना सायकल गस्तीचे प्रशिक्षण द्यावे आणि खेटून जाणाऱ्या चालकांविरुद्ध साध्या वेशातली मोहीम सुरू करावी. नागरिकांनी पाठवलेली चित्रफीत तक्रार म्हणून स्वीकारावी, तिची पोच द्यावी आणि पुढे काय झाले ते कळवावे.

अपघाताच्या नमुन्यात सायकलसंबंधी कारणांचे स्वतंत्र रकाने असावेत आणि दर तिमाहीला, व्यक्तींची ओळख न देता, अपघातांची ठिकाणे नकाशावर जाहीर करावीत. चोरीची प्रत्येक तक्रार नोंदवून घ्यावी व सांगाड्यावरच्या क्रमांकाची नोंदवही सुरू करावी.

रहिवाशांच्या समित्यांना माझी विनंती आहे की पार्किंगसाठी दिलेला अर्ज त्यांनी मागे घ्यावा आणि त्याऐवजी लगतच्या कार्यालयांची रात्री रिकामी राहणारी वाहनतळे रहिवाशांना खुली करावीत, अशी मागणी करावी. त्या अर्जावर मी आनंदाने सही करीन आणि सह्या गोळा करायला घरोघर येईन.

शेवटची मागणी वाहतूक शाखेच्या ज्या अधिकाऱ्यांनी हा निर्णय घेतला त्यांच्याकडे आहे. कोणत्याही कामाच्या दिवशी संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान त्यांनी साध्या वेशात, सायकलवर, या मार्गाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत यावे. आम्ही काही सायकलस्वार सोबत असू. दिवस आणि वेळ त्यांनी ठरवावी. त्यानंतर या पत्रातील प्रत्येक मागणीवर तीस दिवसांच्या आत लेखी उत्तर जाहीर करावे, आणि ते येईपर्यंत उरलेले खांब काढण्याचे काम थांबवावे.

आपली,
रोज सायकलने कामावर जाणारी एक रहिवासी